इल्लें इल्लें



मागच्या अंकात पावसाळ्यातल्या तापांवर लिहिलं होतं. ते वाचून पेडण्याच्या एका तरुण वाचकाचा निरोप आला. मोपाच्या विमानतळावर तो पाळीने काम करतो. त्याने लिहिलं होतं, "ताई, तुमचं सगळं पटतं. पण माझी ड्युटी एक आठवडा सकाळची, एक आठवडा रात्रीची. जिमची तीन महिन्यांची फी भरली आणि गेलो असेन आठ दिवस. घरी आई शीत-हुमण करते, ते सोडून ओट्स खायचे का? वय २८ आहे आणि कंपनीच्या तपासणीत शुगर बॉर्डरलाइन आली आहे. झेपेल असं काही सांगा."

"झेपेल असं" हे शब्द मला फार आवडले. म्हणून आजचा लेख त्याच्यासाठी, आणि त्याच्या वयाच्या तुम्हा सगळ्यांसाठी.

नव्या वाचकांना सांगते, मी डॉक्टर नाही. डिचोलीत गेली बावीस वर्षं फार्मसी चालवते. माहेर पेडण्यातल्या कोरगावचं, सासर डिचोलीचं, त्यामुळे दोन्ही तालुक्यांतली घरं आणि त्यांतली दुखणी बऱ्यापैकी माहीत आहेत. दुकान उघडलं तेव्हा साखरेच्या गोळ्या न्यायला येणारी माणसं साठीच्या पुढची असायची. गोळ्यांचं पाकीट धोतराच्या किंवा साडीच्या कनवटीला लावून नेत. आता तीच पाकिटं हेल्मेट डोक्यावर ठेवूनच मागणारी पस्तिशीची मुलं येतात. "आईसाठी हवीत," म्हणतात. कधीकधी ती खरंच आईसाठी असतात.

हा नुसता माझा अंदाज नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनबरोबर देशभर मधुमेहाची मोठी पाहणी केली. २००८ ते २०२० अशी ती टप्प्याटप्प्याने चालली आणि तिचे आकडे जून २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरच्या १ लाख १३ हजार माणसांची तपासणी झाली. देशाची सरासरी ११.४ टक्के निघाली. सगळ्यांत वर कोण? आपला गोवा, २६.४ टक्के. पुदुच्चेरी आणि केरळ आपल्या मागे, तळाला उत्तर प्रदेश ४.८ टक्क्यांवर. म्हणजे गोव्यात चार मोठी माणसं जेवायला बसली की त्यांतल्या एकाला मधुमेह.

तेव्हा दुकानात बरीच चर्चा झाली. एक गृहस्थ म्हणाले, "आमचे लोक शिकलेले, डॉक्टरकडे जातात, तपासतात, म्हणून आकडा मोठा दिसतो." ऐकायला बरं वाटतं, पण तसं नाही. या पाहणीत दवाखान्यात आलेले रोगी मोजलेले नाहीत. गावं आणि वॉर्ड निवडून, घरोघर जाऊन, माणसं निवडून रक्त तपासलेलं आहे. तपासायला कोण गेलं नि कोण नाही, याचा त्यात संबंधच येत नाही.

मग हे झालं कशाने? आमच्या घरापुरतं मला माहीत आहे. माझे सासरे खाणीवरच्या ट्रकाचे मालक आणि चालकही. त्यांचे वडील भात पेरायचे, बैल धरायचे, पेडण्याच्या जत्रेला चालत जायचे. सासरे पहाटे ट्रकात चढले की दिवसभर उतरायचे ते चहाच्या गाड्यावर. दिवसाला सात-आठ चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, सोबत भजी-पाव. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला, तशी चिंता वाढली आणि हालचाल होती तीही गेली. पुढे एकदा चप्पल लागून अंगठ्याला जखम झाली. पायाला संवेदनाच नव्हती, त्यामुळे चार दिवस त्यांना कळलंच नाही. आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखाली पाय. त्यानंतर चार वर्षं ते सोप्यावर खुर्चीत बसून असायचे. स्वभाव बोलका, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे. पण कोणी नवी चप्पल घालून आलं की नजर तिच्यावर जायची.

हे सांगायचं कारण, साखरेचा आजार दुखत नाही. दुखत नाही म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी तो खरा वाटत नाही.

आता तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, एचबीएवनसी, तिचे आकडे लक्षात ठेवा. ५.७ च्या खाली ठीक. ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. मधलं ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, आमच्या वाचकाची 'बॉर्डरलाइन'. उंबरठ्यावरचा माणूस आत जाईलच असं नाही, तो मागेही फिरू शकतो. याचा पुरावा परदेशातलाच पाहिजे असंही नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचाच सल्ला, एकाला राहणीत बदल, एकाला गोळी, एकाला दोन्ही. राहणीतला बदल म्हणजे काय, तर रोज अर्धा तास चालणं, साखर आणि मैदा कमी, भाज्या आणि चोथा जास्त. साधारण अडीच वर्षांनी पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, बदल करणाऱ्यांत ३९ टक्क्यांना. गोळीवाल्यांचाही आकडा जवळपास तेवढाच. आणि गंमत म्हणजे बदल करणाऱ्यांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. काट्याकडे बघून निराश होणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. सोबत दुसरी बाजूही वाचावी: बदल करूनही ३९ टक्के लोकांना मधुमेह झालाच. हमी कोणी देत नाही. पण इतका फरक अर्ध्या तासाच्या चालण्याने पडत असेल तर तो सोडून देण्यासारखा नाही.

आता करायचं काय. आपल्याकडे एक शब्द आहे, "इल्लें". इल्लें म्हणजे थोडं, चिमूटभर. आजी म्हणायची, "इल्लें इल्लें करून घर जाता." दर जानेवारीत दुकानात प्रोटीनचे डबे, कारल्याचे रस आणि 'डिटॉक्स'च्या पुड्या मागायला गर्दी होते. शिगमा येईपर्यंत ती ओसरते. एकदम सगळं बदलणाऱ्यांचं असंच होतं. टिकतात ते इल्लेंवाले.

आमच्या घरातल्या चहाचाच हिशेब घ्या. माणशी पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दहा चमचे. चमचा चार ग्रॅमचा धरला तर दिवसाला ४० ग्रॅम, वर्षाला साडेचौदा किलो. एका माणसाची, तीही फक्त चहातली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. चहा बंद करा असं मी नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने गाड्यावर जाऊन प्यायला असता. आम्ही चमचाच बदलला. साखरेच्या डब्यात मोठ्याच्या जागी मिठाच्या बरणीतला लहान चमचा ठेवला. मोजायचे दोनच, पण लहान. पंधरा-वीस दिवसांनी पावणेदोन, मग दीड. सासूबाई पहिले आठ दिवस "इल्लीशी साखर घाल गो" म्हणायच्या, नंतर विसरल्या. आज त्यांना बाहेरचा चहा पाक प्यायल्यासारखा लागतो. जीभ शिकते, पण तिला हळूहळू शिकवावं लागतं.

हीच युक्ती एका अख्ख्या देशाने मिठाच्या बाबतीत केली. ब्रिटनने २००३ पासून पावात आणि तयार पदार्थांत मीठ थोडं थोडं उतरवलं, एवढं हळू की खाणाऱ्यांना चवीत फरक जाणवू नये. २०११ पर्यंत माणशी रोजचं मीठ ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आलं. संघटनेची मर्यादा पाचच्या आत आहे, म्हणजे तेही अजून लांबच. आपल्याकडे मात्र मिठाचे डबे तीन: एक स्वयंपाकाचं, एक खाऱ्याचं, एक मिस्कुटाचं. खारें आणि मिस्कूट सोडा असं मी सांगणार नाही. माझ्याच्याने होणार नाही ते दुसऱ्याला कसं सांगू? पण ज्या दिवशी ताटात खारें आहे त्या दिवशी पापड आणि लोणचं नको, एवढं घरात ठरवता येतं.

भाताचा विषय जरा नाजूक आहे. आमच्या कोरगावच्या खाजनात खाऱ्या पाण्यातही टिकणारं कोरगूट भात पिकतं. लालसर दाणा, उकडलेला तांदूळ, त्याची दहाच्या सुमाराची पेज आणि सोबत खारें. ते खाऊन आमच्या आजोबांची पिढी ऐंशी-ऐंशी वर्षं जगली, हे अगदी खरं. म्हणून हल्ली लोक म्हणतात, जुनं खाणं परत आणा, सगळं ठीक होईल. मला हे अर्धंच पटतं. उकडे तांदूळ पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा बरे, कोंडा राहिलेला तर आणखी बरा. पण आजोबा पेज खाऊन गुडघाभर चिखलात उतरायचे. आपण पेज खाऊन स्कूटरवर बसतो आणि ऑफिसात खुर्चीवर उतरतो. तेवढाच भात अंगाला तसाच लागायचा नाही. पेज हवी असेल तर वाटी लहान घ्या. मोठा वाडगा फक्त शेतात उतरणाऱ्याचा.

दुपारच्या जेवणात आम्ही एकच गोष्ट बदलली, खाण्याचा क्रम. आधी तांबडी भाजी किंवा कसलीही उसळ, मग नुस्तें, आणि भात शेवटी. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ साली मधुमेहींवर हा प्रयोग झाला. जेवण तेच ठेवलं, फक्त भाजी आणि प्रथिनं आधी, पाव आणि रस नंतर. तासाभराने रक्तातली साखर बरीच कमी भरली. प्रयोगात माणसं अकराच होती, म्हणून डोक्यावर घेऊ नका. पण खर्च शून्य आणि आईने केलेलं शीत-हुमणही सोडायला नको. भाजीने निम्मं पोट भरलं की भात आपोआप एक डाव कमी वाढला जातो.

भाजी मिळत नाही ही तक्रार निदान आपण करू नये. पावसात तायखिळा, फागलां, अळू, किल्ल, नशीब असेल तर अळमी. बुधवारी डिचोलीच्या किंवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गावातल्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. चवथीला माटोळी बांधतो तेव्हा रानातली किती फळं, कंद आणि भाज्या आपण हौसेने शोधून आणतो! त्यांतल्या निम्म्या आपल्याला नावाने ओळखता येत नाहीत आणि दीड दिवसाने विसर्जनाबरोबर त्या जातात. यंदा माटोळी बांधताना घरातल्या मोठ्यांना एकेकीचं नाव विचारा आणि त्यांतली कोणती खातात तेही. तरुण मंडळींनी फोनवर फोटो काढून नावं लिहून ठेवली तरी काम होईल.

पावाचंही बोलायला हवं. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की जीव खुलतो. कोंड्याची पोई चांगली. पण हल्ली काही ठिकाणी मैद्याच्याच पावावर वरून कोंडा भुरभुरवलेला असतो. मोडून बघा, आत पांढरी असेल तर ती वेषांतर केलेला उंडो आहे. आमच्या शेजारच्या काकू पोदेराची वाट न बघता सकाळी चालत बेकरीपर्यंत जातात आणि येतात. पिशवी फाटकाला टांगून ठेवायची जुनी सवय त्यांनी मोडली. त्यांचं म्हणणं, "पोई खायची तर तिच्यासाठी चालायचं." वीस मिनिटं होतात. बाराही महिने त्या जातात, पावसात छत्री घेऊन.

चालण्यावरून आठवलं. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या डॉक्टरने दिला असं वाटतं तुम्हाला? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' अशा अर्थाचं होतं, आणि तिथून हा आकडा जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या साधारण ७२ वर्षं वयाच्या १६ हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी होतं आणि ७५०० नंतर फायदा फारसा वाढत नव्हता. तेव्हा घड्याळात दहा हजार झाले नाहीत म्हणून रात्री अकराला अंगणात फेऱ्या मारणाऱ्यांनी झोपायला जावं.

त्याऐवजी जेवणानंतरच्या शतपावलीकडे परत वळा. नावात शंभरच पावलं आहेत, पण ती पंधरा मिनिटांपर्यंत वाढवली तर कामाची ठरते. २०१३ मध्ये साठीच्या पुढच्या, उंबरठ्यावरच्या माणसांवर एक छोटा अभ्यास झाला. रोज एकदम पाऊण तास चालण्याइतकाच फायदा तीन जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालल्याने झाला आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्यानेच जास्त आटोक्यात राहिली. आपल्या घरांची रचनाच शतपावलीला सोयीची आहे. अंगण, तुळशीवृंदावन, पाऊस असेल तर सोपा. आमच्याकडे रात्री जेवण झालं की भांडी आवरायच्या आधी दोघं बाहेर पडतो. आधी, कारण भांडी आवरली की आम्ही सोफ्यावर बसतो आणि एकदा बसलो की संपलं. वाटेत गप्पा होतात, दिवसभर दुकानात ज्या होत नाहीत त्या. मुलगा कॉलेजात आहे, तो पहिले काही महिने येत नव्हता. आता अधूनमधून येतो. त्याला पैसे हवे असतील तेव्हा हमखास.

रात्रपाळीवाल्या आमच्या वाचकाला शतपावली कशी जमणार? त्याने घड्याळ विसरावं. जेवण जेव्हा असेल, पहाटे तीनला का असेना, त्यानंतर दहा मिनिटं पायऱ्या किंवा कॉरिडॉर. रात्रपाळीतलं मोठं जेवण कामावर जाण्याआधी उरकावं आणि मध्यरात्री हलकं काही, चण्याची उसळ, शेंगदाणे, उकडलेलं अंडं. यंत्रातून नाणं टाकून येणारा गोड चहा-कॉफी हा रात्रपाळीचा खरा सापळा आहे, तिथे चहा घरून थर्मासमध्ये न्यावा. हे विमानतळालाच लागू आहे असं नाही. तुयेच्या आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणारी शेकडो मुलं आहेत आणि हॉटेलांतली तर विचारूच नका.

आणि कुटुंबाचं मासिक असलं तरी हे लिहितेच: मार्च ते मे उर्राकाचा मोसम. उर्राक किती प्यावी यावर बोलणारी मी कोण? पण ती ज्या गोड लिंबू-सोड्याच्या बाटल्यांत ओतली जाते, त्या बाटलीतली साखर कोणी मोजत नाही. साधा सोडा, ताजं लिंबू, मीठ आणि एक चिरलेली मिरची घाला. जुने लोक असंच पीत.

सवय जडायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस असं सगळीकडे वाचायला मिळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लाली यांनी ९६ जणांवर हे मोजून बघितलं, अभ्यास २०१० मध्ये आला. प्रत्येकाने एकच छोटी गोष्ट निवडली होती, जेवणाबरोबर ग्लासभर पाणी पिणं, संध्याकाळी थोडं धावणं अशी. मधला आकडा निघाला ६६ दिवस. कोणाला १८ लागले, कोणाला २५४ लागतील असा हिशेब आला. पाण्यासारखी सोपी गोष्ट लवकर जडली, व्यायाम उशिरा. मधे एखादा दिवस चुकला तर काही बिघडलं नाही, हे मला त्यात सगळ्यांत मोलाचं वाटलं. आपल्याकडे एक दिवस चुकला की माणूस "गेलं सगळं" म्हणून पुढचे तीनशे दिवस सोडून देतो.

६६ दिवस म्हणजे किती, हे मी दुकानातल्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. अधिक महिना मधे आला नाही तर चवथीपासून व्हडल्या दिवाळीपर्यंत, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत, साधारण सदुसष्ट दिवस होतात. गणपती आला की सुरू करायचं आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत ओढायचं. तुम्ही म्हणाल, ताई, नेवऱ्या-मोदकांच्या दिवशी सुरुवात? त्याच दिवशी. चवथीला नेवरी खायचीच, ती आपली वर्षाची आहे. साखर वाढते ती चवथीनंतर पंधरा दिवस डब्यातून येता-जाता खाल्लेल्या नेवऱ्यांनी. डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला तरी निम्म्या वाचतात. स्टूल घेऊन चढायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो.

एकट्याने हे करणं जड जातं. म्हणून फिनलंडची गोष्ट सांगते. तिथल्या नॉर्थ कारेलिया प्रांतात १९७० च्या सुमाराला पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू जगात सर्वांत जास्त होते. आपल्यासारखाच यादीत वर असलेला, लाकूडतोड्यांचा आणि दूधदुभत्याचा प्रदेश. लोकांनीच १९७१ मध्ये सरकारकडे अर्ज केला, काहीतरी करा. १९७२ मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरने काम सुरू केलं. व्याख्यानं झालीच, पण खरं काम केलं ते 'मार्था' नावाच्या गृहिणींच्या संघटनेने. त्यांनी गावोगावी 'दीर्घायुष्याच्या मेजवान्या' भरवल्या. तिथे नेहमीचंच मांसाचं कालवण असायचं, पण मांस कमी, भाज्या जास्त, मीठ कमी. लोक जेवले, चव आवडली, कृती घेऊन घरी गेले. साधारण पस्तीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू जवळपास ८५ टक्क्यांनी घटले. त्यात तंबाखू सोडण्याचा आणि नंतर नंतर चांगल्या उपचारांचाही वाटा आहे, सगळं श्रेय कालवणाला देता येणार नाही. तरीही मला ती मेजवानीची कल्पना फार आवडते.

कारण आपल्या मंडळाचे कार्यक्रम आठवा. आरोग्यावर तासभर व्याख्यान होतं, वक्त्याला नारळ देतात आणि मग सगळे बटाटेवडा, शिरा आणि गोड चहा घ्यायला उठतात! मी स्वतः असं एक व्याख्यान देऊन असा एक वडा खाल्लेला आहे. पुढच्या हळदीकुंकवाला किंवा वार्षिक संमेलनाला फराळात चण्याची किंवा मुगाची उसळ आणि बिनसाखरेची सोलकढी ठेवली, आणि चहाला साखर वेगळी दिली, तर कोणी रुसेल असं वाटत नाही. कार्यकारिणीतले काहीजण हे वाचत असतील. तरुण मुलांनी पदार्थाची जबाबदारी घ्यावी, आम्ही बायका दर वर्षी करतोच.

दोन गोष्टी फार्मसीवाली म्हणून. आधीपासून गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्यात मोठा बदल डॉक्टरला सांगूनच करा, कारण साखर खाली उतरून चक्कर येऊ शकते. आणि आकडा सुधारला म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. "बरं वाटतं म्हणून सोडली" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. दुसरं, तिशी ओलांडली असेल तर रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, डिचोलीत आहे, पेडण्यात कासारवर्णेला आहे. घरात कोणाला मधुमेह असेल तर तिशीची वाट बघू नका. आमच्या मुलाची पहिली तपासणी आम्ही अठराव्या वाढदिवसाच्या महिन्यात केली. केक खाऊन झाल्यावर.

नवऱ्याचा आकडा दोन वर्षांपूर्वी ६.१ होता. लहान चमचा, शतपावली आणि भात शेवटी, एवढ्यावर तो ५.८ झाला आहे. अजून उंबरठ्यावरच. पुढची तपासणी तुळशीच्या लग्नानंतर ठरली आहे. पेडण्याच्या आमच्या वाचकानेही तोवर एकच गोष्ट निवडून मला कळवावी. दोन नको, एकच. बाकीच्यांनीही कळवलं तर पुढच्या अंकात कोणी काय निवडलं ते नावं न घालता छापू.